‘लासलगाव’मध्ये ‘स्लोगन’ आहे, ‘लगून’ नाही : दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे

एखादा इंग्रजी शब्द द्यायचा आणि ‘यातली अक्षरं वापरून किमान तीन अक्षरी चार शब्द करा’ म्हणायचं, हा शाळेच्या इंग्रजीतला नेहमीचा प्रश्न. घरी स्क्रॅबलचा डाव मांडला की सात ठोकळ्यांपुढे तेच कोडं पडतं, आणि मोबाइलवर वर्डल उघडलं तरी तेच, जरा वेगळ्या वेशात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना यात एक खास अडचण येते. तिचं मूळ बाराखडीत आहे. तिसरी पायरी तिच्यासाठीच ठेवली आहे. घाई असेल तर निदान ती तरी वाचा.

उदाहरणं नाशिक जिल्ह्यातल्या गावांच्या इंग्रजी स्पेलिंगची घेतली आहेत. लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. कागदावर मात्र तुम्ही ती इंग्रजी कॅपिटलमध्येच लिहा.

लागणारं साहित्य

कोरा कागद, पेन्सिल आणि अक्षरांचे ठोकळे. स्क्रॅबलचा संच नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे दोन-दोन सेंटिमीटरचे शंभर चौकोन कापा. इंग्रजी स्क्रॅबलमधलं वाटप असं : ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६, एल, एस, यू, डी ४-४, जी ३, बी, सी, एम, पी, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय २-२, के, जे, एक्स, क्यू, झेड एकेक, आणि दोन कोरे. शिवाय एक बऱ्यापैकी इंग्रजी शब्दकोश. छापील असला तर उत्तम, कारण त्यात शब्द शोधताना शेजारचे चार शब्दही डोळ्यांखालून जातात.

१. आधी प्रश्न कोणता आहे ते ठरवा

‘ही अक्षरं असलेले शब्द’ या एका वाक्याचे निदान पाच अर्थ होतात. चुकीचा अर्थ धरला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. नाशिकचं स्पेलिंग एन-ए-एस-एच-आय-के घेऊन पाहू.

पहिला अर्थ : फक्त दिलेलीच अक्षरं, प्रत्येक जितक्या वेळा दिलंय तितक्याच वेळा, सगळी वापरायची सक्ती नाही. स्किन, सिंक, आस्क, शँक. शाळेतला प्रश्न आणि स्क्रॅबल याच प्रकारचे.

दुसरा : सगळी अक्षरं वापरायचीच, नवीन एकही नाही. याला ॲनाग्राम म्हणतात. नाशिकच्या सहाही अक्षरांतून नेहमीच्या वापरातला एकही इंग्रजी शब्द होत नाही. पण जुन्या इंग्रजी कागदांवरचं पाच अक्षरी स्पेलिंग, एन-ए-एस-आय-के, उलटंपालटं केलं की के-आय-एस-ए-एन, म्हणजे चक्क ‘किसान’ मिळतो आणि तो कॉलिन्स शब्दकोशाच्या स्क्रॅबल यादीतही आहे. या जुन्या स्पेलिंगला कोड्यांच्या जगात आणखी एक मान आहे : एकोणिसाव्या शतकात नाशिकला मिशनरी म्हणून राहिलेल्या ए. एच. फ्रॉस्ट यांनी जादूच्या चौरसांच्या (आडव्या, उभ्या, तिरक्या ओळींची बेरीज सारखीच येणारे आकड्यांचे चौरस) एका प्रकाराला ‘नासिक’ हेच नाव दिलं.

तिसरा : दिलेली सगळी अक्षरं हवीतच, पण इतरही चालतील. नाशिकमध्ये एक जी टाकला की ‘शेकिंग’ तयार : एस-एच-ए-के-आय-एन-जी. ‘श्रिंकेज’ आणि ‘थँक्सगिव्हिंग’ यांच्या पोटातही नाशिकची सहाही अक्षरं आहेत.

चौथा : अक्षरं त्याच क्रमाने, एकमेकांना चिकटून हवीत. एन-ए-एस सलग असलेले शब्द म्हणजे नेझल, डिनॅस्टी, जिम्नेशियम.

पाचवा : अक्षरं दिलेलीच, पण एकेक कितीही वेळा वापरा. इथे ‘किस’ चालतो, दोन एस असूनही. न्यूयॉर्क टाइम्सचा स्पेलिंग बी हा खेळ याच नियमाचा. त्यात सात अक्षरं असतात, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात यावंच लागतं आणि शब्द किमान चार अक्षरी हवा.

पहिला आणि पाचवा अर्थ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. दिवसभर स्पेलिंग बी खेळणारं पोर शाळेच्या पेपरात ‘किस’ लिहून येतं आणि अर्धा गुण का गेला ते त्याला कळत नाही.

२. अक्षरं मोजा, नुसती पाहू नका

लासलगावचं स्पेलिंग एल-ए-एस-ए-एल-जी-ए-ओ-एन. कागदावर याची मोजदाद अशी मांडा : ए तीन, एल दोन, जी एक, एन एक, ओ एक, एस एक. एकूण नऊ.

आता ‘लगून’ सुचला. एल आहे, ए आहे, जी आहे, ओ आहे, एन आहे, बरोबर वाटतो. पण लगूनचं स्पेलिंग एल-ए-जी-ओ-ओ-एन. ओ दोन लागतात आणि आपल्याकडे एकच आहे. शब्द बाद. उलट ‘गॅलन्स’ला दोन एल लागतात, ते आहेत, सात अक्षरी शब्द पदरात. ‘ॲनालॉग्ज’ला दोन ए लागतात, तेही आहेत, अर्थात त्याचं अमेरिकन स्पेलिंग धरलं तर. स्लोगन, सलॉन, स्लँग, गोल्स, लोन्स हे सहज निघतात.

ठोकळे असतील तर ही चूक होतच नाही, कारण दुसरा ओ हातात नसतो. कागदावर काम करताना प्रत्येक शब्दाच्या वेळी वापरलेल्या अक्षराखाली टिंब द्या. दोन ओ, दोन ई, दोन टी आणि दोन एल यांच्याकडे विशेष लक्ष ठेवा. इंग्रजीत याच जोड्या गुपचूप घुसतात.

३. बाराखडीची सवय बाजूला ठेवा

मराठीत अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर यांचं एकजीव रूप. ‘शि’ हे आपल्याला एकच वाटतं. इंग्रजीत तिथे एस, एच आणि आय असे तीन सुटे ठोकळे आहेत. ‘नाशिक’ आपल्या कानाला तीन अक्षरांचा, कागदावर सहांचा. आपण कानाने शोधतो, हा खेळ डोळ्यांचा आहे. यातून चार प्रकारचे शब्द हातचे निसटतात.

पहिला प्रकार, जोडी न फोडल्यामुळे. एस-एच दिसलं की डोळा ‘श’ वाचून मोकळा होतो. मग शँक सुचतो, शिन सुचतो, पण आस्क, स्किन, सिंक, सँक, इंक्स सुचत नाहीत, कारण त्यांत एस एकटा आहे आणि एचला सुट्टी आहे. उपाय साधा : एस आणि एच कागदाच्या दोन टोकांना लिहा. मग एच केच्या शेजारी नेऊन पाहा. ‘खान’ आणि ‘अँख’ निघतील. अँख हे प्राचीन इजिप्तमधलं वर फास असलेल्या क्रुसाचं चिन्ह. पंचवटीतही तेच. पी-ए-एन-सी-एच-ए-व्ही-ए-टी-आय यात सी-एच एकत्र दिसल्याने पॅच, पिंच, चेन, चँट पटकन येतात. सी सुटा केला की पॅनिक, कॅटनिप, व्हेकंट आणि सात अक्षरी ‘कॅप्टन’ बाहेर येतो. कॅप्टनच्या स्पेलिंगमध्ये टीनंतर ए-आय-एन असतं, हे विसरू नका.

दुसरा, अक्षर एक आणि आवाज दुसरा. द्राक्षांचा इंग्रजी शब्द जी-आर-ए-पी-ई-एस घ्या. यात जे नाही म्हणून ‘ज’चा आवाज असलेला शब्द कोणी शोधतच नाही. पण पेज, रेज, सेज या तिन्हींत जी आहे. तसंच सी कधी ‘स’ होतो आणि पी-एच मिळून ‘फ’ होतात. व्यंजन पाहिलं की त्याचे सगळे आवाज तोंडाने म्हणून पाहा.

तिसरा, मुका ई. ‘ग्रेप’ म्हणताना शेवटी ई ऐकू येत नाही, म्हणून तो डोक्यातून गळतो. तीन अक्षरी शब्द सापडला की शेवटी ई लावून पाहायचंच : गॅप, जी-ए-पी, त्याला ई लावला की ‘गेप’. रॅग, आर-ए-जी, त्याला ई लावला की ‘रेज’.

चौथा, आवाज एक आणि शब्द दोन. त्र्यंबकेश्वरचं प्रचलित स्पेलिंग टी-आर-आय-एम-बी-ए-के-ई-एस-एच-डब्ल्यू-ए-आर, तेरा अक्षरं. यात ‘ब्रेक’ सापडला म्हणून पुढे जाऊ नका. मोडणं या अर्थाचा बी-आर-ई-ए-के आणि गाडीचा बी-आर-ए-के-ई असे ते दोन शब्द आहेत, दोन्ही याच अक्षरांत. ‘स्टेक’ही दोन आणि ‘बेअर’ही दोन. कान एक मोजतो, कागदावर दोन गुण असतात.

४. शेपट्या आणि डोकी लावून पाहा

नाशिकच्या सहा अक्षरांच्या तीन ते सहा अक्षरी मांडण्या १,९२० होतात. त्या सगळ्या फिरवून पाहण्यात अर्थ नाही. इंग्रजी शब्द ठरावीक तुकड्यांवर संपतात आणि ठरावीक तुकड्यांनी सुरू होतात. आधी तुमच्याकडे कोणते तुकडे आहेत ते पाहा.

शेपट्या : एस, ई-डी, ई-आर, आय-एन-जी, एल-वाय, आय-सी, ए-एन-टी, टी-सी-एच, टी-एच, ए-आय-एन, के-ई-टी. डोकी : आर-ई, यू-एन, आय-एन, आणि जोड्या म्हणाल तर एस-टी, टी-आर, बी-आर, एस-के, डब्ल्यू-एच, के-एन.

स्वर मध्ये गोलात लिहा, व्यंजनं भोवती. शेपटी बाजूला काढून उरलेल्या अक्षरांचा शब्द होतो का ते पाहा. त्र्यंबकेश्वरातून ई-आर काढून ठेवा : टिंबर, वॉटर, हॅमस्टर, व्हिस्कर. के-ई-टी ठेवा : मार्केट. टी-एच ठेवा : वॉर्मथ, अर्थ (पृथ्वी या अर्थाचा, ई-ए-आर-टी-एच).

पंचवटीत ना ई आहे ना एस. म्हणजे अनेकवचन नाही, भूतकाळ नाही, ई-आर नाही. अशा वेळी नवखे लोक हात टेकतात. तिथे आय-सी धरा : पॅनिक, अँटिक, हॅप्टिक. टी-सी-एच धरा : पॅच, पिच, दोन्हींत पीनंतर एक स्वर आणि मग टी-सी-एच. पण ‘कॅच’ नको, त्याला सी दोन लागतात. ‘हॅच’ नको, त्याला एच दोन लागतात. दुसरी पायरी इथे पुन्हा कामाला येते.

एसची शेपटी स्वस्त आहे. हँक, हँक्स, खान, खान्स. स्क्रॅबलमध्ये ती सोनं असते, पण पेपरात एकाच शब्दाची एकवचन-अनेकवचन जोडी लिहून चारचा आकडा भरणं मला आळशीपणाचं वाटतं. वेगळे चार शब्द लिहा.

५. अक्षरं वर्णक्रमाने लावा

ॲनाग्राम ओळखण्याची सर्वांत खात्रीची रीत ही आहे. कोणत्याही शब्दाची अक्षरं ए ते झेड क्रमाने लावा. ही त्या शब्दाची किल्ली. दोन शब्दांची किल्ली एकच असेल तर ते एकमेकांचे ॲनाग्राम. ग्रेप्सची किल्ली ए-ई-जी-पी-आर-एस. पेजर्स, गॅस्पर, गेपर्स, स्पार्ज यांचीही तीच. वहीच्या शेवटच्या पानांवर किल्ली आणि शब्द अशी नोंद ठेवत गेलात तर दोन-तीन महिन्यांत चांगला साठा होतो.

पहिल्या अर्थाच्या प्रश्नालाही किल्ली चालते. लासलगावची किल्ली ए-ए-ए-जी-एल-एल-एन-ओ-एस. लगूनची ए-जी-एल-एन-ओ-ओ. दोन्ही एकाखाली एक लिहा आणि डावीकडून बोट सरकवत जा. वरच्या ओळीत एक ओ संपला की पुढे एस येतो, खाली मात्र अजून एक ओ शिल्लक. म्हणजे शब्द बसत नाही. हे काम दहा सेकंदांचं आहे.

६. शब्द खरंच आहे का ते पाहा

इथे ‘कोणत्या यादीत?’ हा प्रश्न आधी. भारतात स्क्रॅबलच्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर होतात, अमेरिकेत वेगळी यादी आहे. कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, अमेरिकन यादीत १०७. सी-एच हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकेत नाही. शब्द सुचवणारी बरीच संकेतस्थळं अमेरिकन यादी वापरतात, त्यामुळे घरी वाद होतात. डाव सुरू करण्याआधी यादी ठरवून टाका.

शाळेच्या पेपराला यातली कोणतीच यादी लागू करू नका. तिथे तपासणाऱ्या बाईंना ओळखीचा, साध्या शब्दकोशातला शब्द हवा. ‘नाशिक’मधून के-एन-आय-एस-एच हा शब्द निघतो, निश म्हणत नाहीत, कनिश म्हणतात, ज्यू लोकांचा सारण भरलेला पदार्थ. स्क्रॅबलमध्ये बेशक लावा. पेपरात ‘स्किन’ लिहा.

विशेषनामं चालत नाहीत. चायना हा देश म्हणून नाही, पण चिनीमातीची भांडी या अर्थाने लहान सीने लिहिलेला शब्द चालतो. गोदावरीतून, म्हणजे जी-ओ-डी-ए-व्ही-ए-आर-आय मधून, रेडिओ, अव्हॉइड, अ‍ॅरिड, व्हॉइड, रेड (छापा या अर्थाचा, आर-ए-आय-डी), ग्रिड निघतात; ‘व्हिगर’ मात्र फक्त अमेरिकन स्पेलिंगने निघतो, कारण ब्रिटिश स्पेलिंगला यू लागतो. पेपरात तो टाळलेला बरा.

७. संगणक वापरायचा असेल तर

वनलुक या संकेतस्थळावर खुणांनी शोधता येतं. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं. तारा, मग एन-ए-एस, मग तारा असं लिहिलं की चौथ्या अर्थाची यादी येते. दोन तिरक्या रेघा आणि मागे अक्षरं लिहिली की ॲनाग्राम. तारा, अधिकचं चिन्ह आणि अक्षरं लिहिली की फक्त त्याच अक्षरांचे शब्द, पण तिथे अक्षर पुन्हा वापरलेलं चालतं. म्हणजे हा पाचवा अर्थ आहे, पहिला नाही. निकालात नावं आणि वाक्प्रचारही मिसळलेले असतात, ते वगळा.

स्वतःची चाळणी करायची तर एक्सेल किंवा गूगल शीट पुरतं. शब्दांची यादी आणून पहिल्या स्तंभात ठेवा. मॅकमध्ये एक यादी आधीच असते, पण ती १९३४ सालच्या वेबस्टर कोशावरून केलेली; तिच्यात बरीच अनेकवचनं सापडत नाहीत. लिनक्सवरच्या यादीत ॲपॉस्ट्रॉफीवाले शब्द आणि नावं असतात, ती आधी काढा. स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवून मगच यादी चिकटवा, नाहीतर ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द एक्सेल तर्कमूल्यं समजून बदलून टाकतं.

दुसऱ्या स्तंभात सब्स्टिट्यूट हे सूत्र लिहा. त्याला चार गोष्टी द्यायच्या : शेजारचा सेल, काढायचं पहिलं अक्षर, त्याच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं, आणि आकडा १. तिसऱ्या स्तंभात तेच सूत्र दुसऱ्या स्तंभावर, दुसऱ्या अक्षरासाठी. लासलगावसाठी असे नऊ स्तंभ होतील. शेवटचा स्तंभ रिकामा राहिला तर शब्द पहिल्या अर्थाने बरोबर. लगूनच्या ओळीत शेवटी एकटा ओ उरलेला दिसेल. काय कमी पडलं तेही कळलं. तिसऱ्या अर्थासाठी मूळ शब्दाची लांबी वजा शेवटच्या स्तंभातली लांबी काढा. उत्तर दिलेल्या अक्षरांच्या संख्येइतकं आलं तर सगळी अक्षरं शब्दात आहेत. दोन्ही अटी पाळणारा तो ॲनाग्राम.

दोन ठिकाणी हे फसतं. आकडा १ विसरलात तर सूत्र त्या अक्षराच्या सगळ्या प्रती एकदम काढतं आणि लगून पास होतो. दुसरं, हे सूत्र लहान-मोठी लिपी वेगळी मानतं; म्हणून आधी लोअर सूत्राने सगळी यादी लहान लिपीत आणा. यादी लाखाच्या वर असेल तर लेन सूत्राने लांबी काढून दिलेल्या अक्षरसंख्येपेक्षा लांब शब्द आधीच उडवा, नाहीतर शीट बराच वेळ गोल फिरत बसेल. तिसऱ्या अर्थाच्या शोधात मात्र उलटं, आखूड शब्द उडवायचे. टर्मिनलची, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीची, सवय असलेल्यांना ‘ग्रेप’ नावाची आज्ञा याहून वेगवान पडते. नाव लक्षात ठेवायला नाशिककरांना अडचण नसावी.

८. वर्डलमध्ये जागाही मोजा

वर्डलमध्ये पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. पिवळं अक्षर शब्दात आहे पण त्या जागी नाही, हिरवं त्याच जागी आहे, राखाडी नाही. नवखे लोक पिवळं अक्षर पुढच्या प्रयत्नात त्याच जागी ठेवतात. तो प्रयत्न फुकट जातो. आणि एकच अक्षर दोनदा असलेले शब्द उत्तर असू शकतात, म्हणून एक ई हिरवा झाला तरी दुसऱ्या ईची शक्यता सोडू नका.

९. सरावाला चार गावं

प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, घड्याळ लावून. उत्तरं इथेच आहेत, झाकून ठेवा.

येवला, वाय-ई-ओ-एल-ए : ‘ॲलो’, कोरफडीचा, ए-एल-ओ-ई.

इगतपुरी, आय-जी-ए-टी-पी-यू-आर-आय : ‘गिटार’. यू दिसला की आपण क्यू शोधत बसतो, म्हणून तो राहतो.

मनमाड, एम-ए-एन-एम-ए-डी : ‘मॅडम’ बहुतेकांना सापडतो. सहाही अक्षरांचा ॲनाग्रामही आहे, ‘मॅडमन’.

देवळाली, डी-ई-ओ-एल-ए-एल-आय : ‘आयडियल’, ‘अलाइड’, ‘डॉल’, ‘लीड’. इथल्या लष्करी छावणीवरून इंग्रजीत वेडसर माणसासाठी ‘डूलॅली’ हा शब्द आला. तो मात्र देवळालीच्या अक्षरांतून होत नाही : एक ओ कमी पडतो, एक एल कमी पडतो, आणि वाय तर नाहीच.